भरतीत नाव लागलं नाही म्हणून एवढी वर्षं पळालेलं फुकट गेलं काय?

सावगाव_रोड

नमस्कार मंडळी. विषय माझ्या घरचा आहे, खरं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात दर दोन घरांआड कुणाच्या ना कुणाच्या घरचा आहे म्हणून इथं मांडूलालोय.

माझ्या भाच्याचं सैन्य भरतीचं वय संपलं. दहावीत असल्यापासून पळायचा. आपल्याकडं हे काय नवीन नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, कुणाचा आजोबा पलटणीत, कुणाचा चुलता, कुणाचा मामा, त्यामुळं पोरगं अंगानं जरा उंच निघालं की घरातलेच म्हणतात याला मिल्ट्रीत घालूया. त्यानं पण मनावर घेतलं. एकदा ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघालं तर मेडिकलला थांबला, नंतर ग्राउंडच निघेना, काही सेकंदांनी हुकायचं, मग ऑनलाइन परीक्षा आली, त्यात मेरिटला नाव लागलं नाही. आता संपलं.

बहीण गप्प आहे. दाजी म्हणतात पोराची उमेदीची वर्षं फुकट गेली. शेजारचे म्हणतात तेव्हाच डिप्लोमाला घातला असता तर आज पगार घेऊन घरी आला असता. पोरगं जेवतंय, शेतात जातंय, विचारलं तेवढं उत्तर देतंय.

मला हे "फुकट गेलं" काही केल्या पटत नाही. खरं दाजींच्या समोर बसून का पटत नाही ते सांगता पण येत नाही, कारण दाखवायला हातात काय नाही, ना ऑर्डर ना सर्टिफिकेट. म्हणून विचारतोय, जिंकलेल्याचं ठीक आहे, झगडून हरलेल्या माणसाकडं नेमकं काय उरतं? भिंतीवर लिहिलेली सुवचनं नकोत, ती त्याच्या अकॅडमीत पण होती. तुम्ही स्वतः बघितलेलं, भोगलेलं काय असेल ते सांगा.

निवृत्त_सुभेदार

सावगाव रोड साहेब, जय हिंद. मी पलटणीत होतो आणि रिटायर झाल्यावर गावातल्या पोरांना सकाळी पळवतो, तर आधी मैदानावरचं सांगतो, मग बाकीचं.

१६०० मीटर, म्हणजे ४०० च्या ट्रॅकला चार राउंड. साडेपाच मिनिटांत आला तर ६० मार्क. ५:३१ ते ५:४५ मध्ये आला तर ४८. ही पोरं पळाली त्या वर्षांत त्यानंतर आला तर घरी असायचं. बीमला दहा पुलअप काढले तर ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसतं पास व्हायचं. हे सगळं शेकडो पोरांच्या गर्दीत, रात्रभर रस्त्याकडेला बसून, पहाटे उपाशीपोटी. त्यात २०२० ते २०२२ कोरोनामुळं भरतीच थांबली, पोरं पळत राहिली आणि वय सरत राहिलं. जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांच्या नोकरीची भरती योजना, आली, त्या एका वर्षासाठी वयाची अट २३ पर्यंत वाढवली, पुढं ती सवलत नाही. आणि लागलेल्यातले पण चार वर्षांनी २५ टक्केच कायम राहणार.

हे सगळं का लिहिलं, तर दाजींना सांगा, जागा ठरलेल्या असतात. शंभर पोरं उत्तम असली आणि जागा दहाच असल्या तर नव्वद उत्तम पोरं घरी येतात, त्यात त्यांचा कमकुवतपणा नाही. मी लागलो तेव्हा माझ्यापेक्षा चांगला पळणारा माझा गाववाला त्या दिवशी तापानं फणफणला होता. तो शेती करतो. मी पेन्शन घेतो. आजपर्यंत मला कधी वाटलं नाही की माझी मेहनत खरी आणि त्याची खोटी.

उद्यमबाग

मी जरा वेगळं बोलणार, कुणी राग मानू नये.

मी पण पळालोय. व्हॅक्सिन डेपोला अंधारात राउंड मारलेत, रविवारी राजहंसगडाची चढण चढलोय. लागलो नाही. मग उद्यमबागेत एका मशीनशॉपला हेल्पर म्हणून शिरलो, आज व्हीएमसी मशीन चालवतोय, बरं चाललंय. खरं माझ्या वर्गातला पोरगा, जो एक दिवस पण पळाला नाही, दहावीनंतर सरळ आयटीआय करून त्याच शॉपला आधी लागला, तो माझा सुपरवायझर झाला. चांगला माणूस आहे तो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. खरं माझी ती वर्षं कुठं गेली याचा हिशोब कोणी करत नाही. पगारात धरत नाहीत, अनुभवात धरत नाहीत, लग्नाच्या बैठकीत तर उलटी लागतात.

त्यामुळं "संघर्षाला किंमत आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारतो किंमत कोण देतंय? पोराच्या आईबापानं दिलेली असते ती किंमत. दूध, अंडी, बूट, अकॅडमीची फी, रॅलीला जायचं भाडं. दाजी बोलतात ते त्या पैशाच्या मागून बोलतात, त्यांना दगडाच्या काळजाचं समजू नका.

तांबडी_माती

उद्यमबागवाले भाऊ, तुमचं खोटं म्हणत नाही, तरी तालमीतलं थोडं ऐका.

आमच्या वस्तादांनी पहिल्या महिन्यात एक डाव शिकवला नाही. माती खणायची, मेहनत करायची आणि पडायचं. कसं पडलं की मान वाचते, खाली गेल्यावर हात कुठं ठेवायचा, चितपट व्हायच्या आधी अंग कसं फिरवायचं. पाडायचं शिकवणं नंतर. गावाकडं नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात व्हायची, हरलेल्या पोराच्या पण पाठीवर हात पडायचा, आणि तास गेला तरी निकाल लागेना तर पंच बरोबरीत सोडवायचे. माझं मैदान सुटून वर्षं झाली तरी आमच्या भागातली जुनी माणसं जत्रेत भेटली की जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा अशा बरोबरीच्या कुस्त्यांबद्दलच जास्त बोलतात. कुणी सोडलं नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलेलं असतं.

आपल्याच चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी. सगळे त्यांचं नाव घेतात आणि घ्यायलाच पाहिजे. खरं त्या काळात कोल्हापूरच्या तालमींत त्यांच्यासारखंच खुराकाला पैसे नसताना जोर मारणारी किती पोरं असतील, त्यांचं नाव कुणाला माहीत नाही.

खाशाबा जाधवांचं बघा. १९४८ ला लंडनला गेले, आयुष्य मातीत गेलेलं आणि तिथं मॅट. सहावे आले. आज आपण १९५२ चं हेलसिंकी सांगतो, ५७ किलो, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्यांना पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, कराडला परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळं सांगतो. पण माझा प्रश्न असा आहे की १९५२ ला पण ते सहावेच आले असते तर? मेहनत तीच, माणूस तोच, गहाण टाकलेलं घर तेच. आपण त्यांचं नाव घेतलं असतं काय? नसतं घेतलं. मग खोट त्यांच्यात नाही, खोट आपल्या बघण्यात आहे. आणि पदक आणून पण त्यांना पुढं काय मिळालं, पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणानंतर आला. म्हणजे जिंकलं की सगळं मिळतं हे पण खरं नाही.

सावगाव_रोड

तांबडी माती, "१९५२ ला पण सहावेच आले असते तर" हे वाचून थांबलो. हेच मला दाजींना सांगायचं होतं आणि शब्द सुचत नव्हते.

उद्यमबाग, तुमचं पण मनाला लागलं. पैशाचं बहीण कधी बोलली नाही, खरं ती दुधाचा रतीब घालून भाच्याची फी भरायची हे मला माहीत आहे.

मलप्रभाकाठ

मी खानापूर तालुक्यातली, शाळेत शिकवते. इथं सगळे दादा लोक बोलतायत म्हणून थोडं थांबले होते, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

संघर्ष संघर्ष म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक असतो आपण निवडलेला. भाच्यानं पळायचं ठरवलं, कुस्तीवाल्यानं आखाडा निवडला. दुसरा असतो माणसावर लादलेला. आमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्यात आमगावसारखी गावं आहेत, पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून जंगलातनं चालत आणावं लागतं. फोटो येतात, लोक खाली लिहितात "सलाम यांच्या संघर्षाला". मला तो सलाम वाचवत नाही. त्या माणसांना सलाम नको आहे, त्यांना वेळेवर डॉक्टर पाहिजे. त्या चालण्यातनं कोणी घडत नाही, माणसं दगावतात.

माझ्या वर्गात मुली येतात कोसभर चालत, पहाटे उठून पाणी भरून, भाकरी करून. बक्षीस समारंभात पाहुणे येतात आणि त्यांच्या कष्टाचं कौतुक करतात, बघा कशी जिद्द. मी त्यांच्याच शेजारी बसलेली असते आणि मला वाटतं, हिला सायकल द्या, एसटी वेळेवर सोडा, मग हिची जिद्द गणितात दिसू दे की. पाण्याच्या घागरीत कशाला खर्च व्हायला पाहिजे?

म्हणून सावगाव रोड दादा, भाच्याच्या पळण्याला किंमत आहे असं मला मनापासून वाटतं, कारण ते त्यानं स्वतःहून घेतलं होतं. पण सोसलेल्या प्रत्येक हालाला किंमत आहे असं कृपा करून कुणी म्हणू नका. तसं म्हटलं की ते हाल तसेच ठेवायला मोकळीक मिळते.

आणि मुलींचं पण बोला कधी. तुरमुरीची मलप्रभा जाधव, शेतकऱ्याची पोर, २०१८ च्या जकार्ता एशियाडला कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलोत कांस्य घेऊन आली. तिच्या गावच्या रस्त्यानं आज मुली पळताना दिसल्या तर हसणारे लोक कमी झालेत असं माझ्या तिकडच्या मैत्रिणी सांगतात.

निपाणीकर

मलप्रभाताई, निवडलेला आणि लादलेला हे अगदी बरोबर मांडलंत. पण कधी कधी लादलेल्यातूनच निवडलेला उभा राहतो, ते आमच्या निपाणीत झालं.

तंबाखूचा दर व्यापारी ठरवणार, प्रत व्यापारी ठरवणार, वजन पण त्याच्याच काट्यावर, पैसे कधी देणार ते पण तोच सांगणार. हे लादलेलं होतं. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी बायकापोरांसकट पुणे-बेंगळूर हायवेवर येऊन बसले. रस्त्यावरच चुली पेटल्या, भजनं झाली, त्या जागेला लोकांनी आंदोलननगर नाव दिलं. १४ मार्चला बसले, ६ एप्रिलला उठवले, आणि उठवताना गोळीबार झाला. शेतकरी मेले. त्या दिवशी हातात काय आलं म्हणाल तर मढी आली.

आमचे वडील त्यात होते. ते हरलो असं कधी म्हणाले नाहीत आणि जिंकलो असं पण कधी म्हणाले नाहीत. एवढंच सांगायचे की आधी वखारीत गेलं की चप्पल बाहेर काढून उभं राहायचो, काटा बघायला पुढं जायची हिंमत नव्हती, नंतर जाऊन काट्याजवळ उभा राहिलो आणि कोण काही बोललं नाही. भाव तोच होता बरं का, लगेच काय वाढला नाही. पण उभं राहायची जागा बदलली. आमच्याकडं विडी कामगार बायकांची संघटना पण झाली, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका मोर्चात यायला लागल्या, सुभाष जोशी सरांनी त्यात आयुष्य घातलं.

तर सावगाव रोडभाऊ, तुम्ही विचारलंत काय उरतं, आमच्या वडिलांपुरतं सांगायचं तर काट्याजवळ उभं राहायचं धाडस उरलं. ते त्यांनी आम्हाला दिलं, जमीन तर थोडीच होती.

गणपत_गल्ली

मी वयानं इथं सगळ्यात मोठा असेन बहुतेक.

निपाणीकरांनी वडिलांचं सांगितलं म्हणून मी माझ्या वडिलांचं सांगतो. १७ जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नावरून बेळगावात गोळीबार झाला तेव्हा ते गर्दीत होते. पुढं सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात गेले. १९६७ ला बेळगाव तिकडंच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल आला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत असं आई सांगायची. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात थकलेल्या पायांनी गेले. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेलं ती बातमी त्यांना मी वाचून दाखवली. निकाल बघायला ते नाहीत. मी तरी असेन का देव जाणे.

त्यांना लोक तोंडावर विचारायचे, काय मिळालं तुम्हाला? ते चिडायचे नाहीत. ते म्हणायचे आमचं म्हणणं आम्ही मांडलं, गप्प बसून दिलं नाही. घराशेजारी कन्नड कुटुंब होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नात पत्रावळ्या लावायला वडील पुढं असायचे, आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत पण पुढं असायचे. यात त्यांना काही वेगळं वाटायचं नाही. इथली मराठी शाळा, वाचनालय, नाटकाची हौस, व्याख्यानमाला हे सगळं त्याच पिढीनं वर्गण्या काढून टिकवलं. खटला कोर्टात आहे, पण माझी नात मराठीत पत्र लिहिते, ते मला निकालाइतकंच मोठं वाटतं.

किल्ला_तलाव

काका, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार, आमच्या आजोबांचं पण तसंच होतं. पण आमच्या पिढीचं तुम्हाला सांगायला पाहिजे. मी मराठी माध्यमातला, कन्नड नीट येत नव्हतं, डिग्रीनंतर जिथं जाईन तिथं अडलं, इथं नोकरीला कन्नड पाहिजे, पलीकडं कोल्हापूर-पुण्याला गेलं की तुम्ही कर्नाटकातले. आजोबांच्या लढ्याची किंमत मी पण भरली, मला कोणी विचारून नाही भरली. शेवटी मित्रांकडून, बसमध्ये, दुकानात बसून कन्नड शिकलो, आता सर्रास बोलतो, लिहितो, आणि मराठी काय सुटली नाही माझी. मला वाटतं लढणाऱ्यानं पुढच्या पिढीला लढा द्यावा आणि सोबत पोट भरायचं साधन पण द्यावं, एकच दिलं तर पोरं चिडतात, मी पण काही वर्षं आजोबांवर चिडून होतो.

गणपत_गल्ली

बाळा, तू बोललास ते ऐकून घेण्यासारखं आहे. कन्नड शिकलास ते उत्तम केलंस. वडिलांना पण उत्तम कन्नड यायचं. त्यांचा विरोध सक्तीला होता, भाषेला नव्हता, आणि हे तुमच्या पिढीपर्यंत नीट पोचवायला आम्ही मधले कमी पडलो असू.

बैलहोंगलची_लेक

माझं माहेर बैलहोंगल, सासर येळ्ळूर. घरात दोन्ही भाषा. तेव्हा इकडचं तिकडचं असं मला काही वेगळं करता येत नाही, सांभाळून घ्या.

आमच्या माहेरी लहानपणापासून कित्तूरची राणी चन्नम्मा ऐकलेली. कित्तूरनं २३ ऑक्टोबर १८२४ ला इंग्रजांना हरवलं, कलेक्टर थॅकरे मारला गेला. ते सगळे सांगतात. पण दोन महिने पण झाले नाहीत, डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन आले आणि किल्ला पडला. राणीला आमच्या बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, १८२९ ला ती तिथंच गेली. तिच्या फौजेतला संगोळ्ळी रायण्णा नंतर पण जंगलातनं लढत राहिला, दगा झाला, पकडला गेला आणि १८३१ ला नंदगडला फाशी दिलं. म्हणजे हिशोब मांडला तर दोघंही हरले. राज्य परत मिळालं नाही, राणीचा दत्तक वारस मान्य झाला नाही, काही नाही. तरी नंदगडला त्याच्या समाधीजवळच्या वडाला आजपण बायका मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात, आणि गीगी पदं, म्हणजे कन्नड लोकगीतं, म्हणणारे त्याचं नाव घेतल्याशिवाय जत्रा सोडत नाहीत. जिंकलेल्या इंग्रज साहेबाची एक ओळ पण कुणी गात नाही.

आता हे सगळं मला भारी वाटतं, अंगावर काटा येतो. पण मी आई पण आहे. माझा मोठा लेक पण भरतीच्या मागं आहे. आणि खरं सांगते, मला त्याला रायण्णा करायचा नाहीये. मला तो संध्याकाळी जेवायला घरी पाहिजे. दोन्ही एकाच काळजात आहे, काय करू. तो पहाटे उठून जातो तेव्हा मला अभिमान पण वाटतो आणि नाव लागू नये असं पण वाटतं. असं वाटलं की मग मी त्याच्या बुटाला लागलेली माती झाडत बसते, कुणाला बोलत नाही.

सावगाव रोडदादा, तुमच्या बहिणीला एकदा भेटायला आवडेल मला. ती गप्प आहे म्हणालात ना, ती कशानं गप्प आहे ते मला थोडं कळतंय.

पहाटे_पाच

मी पण त्यातलाच आहे, तुमच्या भाच्याच्या वयाचा, कंग्राळीकडचा. मी सगळा धागा वाचला दोनदा.

काका, तुम्ही विचारलंत काय उरतं, मी आधी काय दुखतं ते सांगतो. न लागल्याचं तेवढं दुखत नाही जेवढं गल्लीतून जाताना कट्ट्यावरचा कोणतरी विचारतो "काय रे काय झालं तुझ्या मिल्ट्रीचं" ते दुखतं, कारण त्याला माहीत असतं काय झालं ते, तरी विचारतो, आणि मग मी रस्ता बदलतो, मळ्याकडनं फिरून घरी येतो, आणि पाहुण्यांकडं लग्नाला जायचं टाळतो कारण तिथं पण तेच, आणि घरी बाबा काही बोलले नाहीत तरी मला वाटतं बोलणार आहेत, म्हणून मी आधीच उठून जातो. तुमचा भाचा गप्प आहे ना, त्याला विचारू नका काय झालं म्हणून. पिक्चरला न्या, गोव्याला न्या, काहीपण करा, खरं ते विचारू नका.

रॅलीला शेवटच्या राउंडला वेळ संपली की दोरी आडवी धरतात. त्याच्या आत गेला तो गेला. मी दोन-चार पावलं मागं होतो. मी त्या पावलांचा लई विचार केलाय. त्या पावलांत मी काय आळशी नव्हतो. छाती फुटत होती, पाय वर येत नव्हते, आणि मी थांबलो नव्हतो. कुस्तीवाली विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकला फायनलला पोचली, त्याआधी ती जपानची सुसाकी, जी बाहेरच्या देशातल्या कुणाकडनं हरलेली नव्हती, तिला हरवलं, आणि सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाहेर. त्या दिवशी आम्ही सगळी पोरं ग्राउंडवर मोबाईल बघत गप्प बसलेली, कुणी काही बोललं नाही पण प्रत्येकाला आपली दोरी आठवली असणार.

आणि उरतं काय म्हणाल तर, आमचा पाच पोरांचा ग्रुप होता, दोघं लागले तिघं राहिलो. लागलेला एकजण जाताना त्याचे चांगले बूट मला देऊन गेला, सुट्टीला आला की पहिलं माझ्याकडं येतो. असा मित्र मला कॉलेजमध्ये मिळाला नाही. दुसरं म्हणजे मला माझा दम कळतो. कुठल्या कामाला मी किती वेळ टिकणार ते मला आधीच कळतं, आणि मला वाटतंय की आता संपलं, तेव्हा अजून थोडं शिल्लक असतं हे मी अंगानं शिकलोय, पुस्तकात वाचून नाही. भात लावणीला आईबरोबर दिवसभर वाकून उभा होतो, माझा चुलतभाऊ दुपारी गेला, मी गेलो नाही. बारकी गोष्ट आहे. उद्यमबाग दादा म्हणतात तसं याचा पगार मिळत नाही, ते खरंच आहे.

उद्यमबाग

पहाटे पाच, तुझं वाचलं. बारकी गोष्ट नाही ती. आमच्या शॉपला नवीन पोरं येतात, नाइट शिफ्टला पंधरा दिवसांत पळून जातात. मी राहिलो, त्याला कारण तेच असणार, मी कधी तसा विचार केला नव्हता. तरी माझं म्हणणं मी मागं घेत नाही. पळताना सोबत आयटीआय किंवा डिप्लोमा चालू ठेवायला कुणी सांगितलं असतं तर दोन्ही झालं असतं. अकॅडमीवाल्यांनी हे पोरांना पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे आणि ते सांगत नाहीत, कारण पोरगं अर्धा दिवस आयटीआयला गेलं तर त्यांची फी अर्धी होते.

निवृत्त_सुभेदार

उद्यमबाग यांना शंभर टक्के सहमत. माझ्याकडं येणाऱ्या पोराला मी पहिलं विचारतो, दिवसा काय करतोस? काही करत नसेल तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतो.

आता पहाटे पाच आणि सावगाव रोड यांच्या भाच्यासाठी कामाचं. सैन्याचं वय संपलं म्हणजे सगळं संपलं नाही. एसएससी जीडी, म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी वगैरे निमलष्करी दलांची भरती, तिथं १८ ते २३ वय चालतं. पळायचं ५ किलोमीटर, २४ मिनिटांत. जो १६०० मीटर पावणेसहा मिनिटांच्या आसपास काढतो त्याच्याकडं वेग आहेच, दम फक्त लांबवायचा. पण लक्षात ठेवा, तिथं पळणं नुसतं पास व्हायला लागतं, मेरिट लेखीवर लागतं. ८० प्रश्न, १६० मार्क, एक तास, चुकलं तर पाव मार्क कटतो. २०२४ पासून ही परीक्षा मराठीत आणि कन्नडमध्ये पण देता येते, आपल्या भागातल्या पोरांना याचा फायदा घेता येतो आणि कितीजणांना हे माहीतच नाही.

दुसरं, महाराष्ट्र पोलीस. वय खुल्या वर्गाला १८ ते २८. सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, गावचा दाखला आधी काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलला गर्दी असते. मैदानी ५० मार्कांची, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मग लेखी १०० ची. १६०० वर मेहनत झालेल्या पोराचं निम्मं काम आधीच झालेलं आहे, गोळा मात्र शिकायला लागेल, नुसत्या ताकदीनं जात नाही.

सावगाव_रोड

सुभेदार साहेब, लई उपकार. काल रात्री दाजींना हा सगळा धागा वाचून दाखवला, निपाणीकरांच्या वडिलांचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवून परत वाचायला लावलं, त्यांच्या वडिलांनी पण तंबाखू केलेला. मत बदललं असं काही म्हणाले नाहीत. पण आयटीआयचं ॲडमिशन कधी असतंय बघ म्हणाले. आणि पहाटे पाच, तू म्हणालास तसं मी त्याला काही विचारलं नाही. हे वयाचं आणि ५ किलोमीटरचं तेवढं सांगितलं. त्यानंच विचारलं, गोळा किती किलोचा असतो?

निवृत्त_सुभेदार

पुरुषांना ७.२६ किलो. माझ्याकडं एक आहे, रविवारी सकाळी सहाला त्याला पाठवून द्या. पहाटे पाच, तू पण ये. फी नाही. लेखीच्या अभ्यासाला कोण शिकवणारं मिळालं तर बघतोय, गणितात पोरं मार खातात.

मलप्रभाकाठ

साहेब, गणित आणि बुद्धिमत्ता मी घेईन, शनिवारी दुपारनंतर ऑनलाइन जमेल. मुली असतील तर त्यांना पण बसू द्या, एसएससी जीडीला मुलींना १६०० मीटर साडेआठ मिनिटांत असतं, माझ्या दोघी माजी विद्यार्थिनी तयारी करूलाल्यात आणि त्यांना पळायला बरोबर कोणी नाही.

पहाटे_पाच

रविवारी येतो सर. दोघं अजून आहेत बरोबर, आणू काय? आणि उद्यमबाग दादा, तुमच्या शॉपला सेकंड शिफ्टला हेल्परची जागा असेल तर कळवा, सकाळ मला मोकळी पाहिजे.